आठ पाउणे सहा

आमच्या नाशिकच्या स्वयंपाकघरात दोन कालनिर्णय टांगलेली असायची. एक आईचं. त्यावर दुधाचे लिटर, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, धुणंवालीचे खाडे. दुसरं आजीचं, त्यावर पेनाची एक रेघ नसायची. सकाळी चहाचा कप हातात घेऊन आजी त्याच्यासमोर उभी राहायची, तिथी बघायची आणि पुटपुटायची, "पंचमी. पाच पाउणे पावणेचार." मग खिडकीकडे वळून म्हणायची, "पावणेचारला भरती."

खिडकीतून इंदिरानगरातली पाण्याची टाकी दिसायची, आणि तिच्यामागे पांडवलेण्याचा डोंगर. भरतीचं पाणी तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पश्चिमेला होतं. आजीला त्याने काही फरक पडत नव्हता. अष्टमी असली की "आठ पाउणे सहा", एकादशी असली की "अकरा पाउणे सव्वाआठ". आम्ही शाळेत पाढे तीसपर्यंत केले, पण पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्ध्या आणि पाऊणचे पाढे, आमच्या वेळेपर्यंत सुटली होती. माझी पाऊणकी पाठ झाली ती आजीच्या भरतीमुळे.

हिशेब अगदी साधा आहे. चंद्र रोज पाऊण तासाच्या थोडा वर उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. प्रतिपदेपासून तिथी मोजायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. थोडं मागेपुढे गावागावाप्रमाणे. दिवसात भरती दोनदा, म्हणजे सकाळी सहाला पाणी भरलं की संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला पुन्हा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जोरात चढतं आणि तेवढंच खोल उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार मंदावतो, तो भांग. मासेमारीला कधी निघायचं, खाडी कुठल्या वेळी ओलांडायची, शेताच्या बांधाला कोणत्या रात्री जागायचं, हे सगळं या पाऊणकीवर चालायचं. घड्याळं आली तरी ती सुटली नाही, कारण घड्याळाला तिथी कळत नाही.

आजी चिंचणीची. डहाणू तालुक्यात, तारापूरच्या खाडीच्या उत्तरेला हे गाव. आजोबा गेल्यावर १९८४ मध्ये आई तिला नाशिकला घेऊन आली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिने सोबत एक ट्रंक, नारळ सोलायचा लोखंडी सुळा आणि सुक्या बोंबलाचा डबा आणला. डबा बाल्कनीत ठेवायचा, आत नाही, असं आईने सांगितलं. आजी रोज बाल्कनीत जाऊन झाकण उघडायची, वास घ्यायची आणि पुन्हा लावायची. कितीदा मी ते दारामागून पाहिलंय.

नकाशावर पट्टी ठेवून पाहा. नाशिकवरून सरळ पश्चिमेला रेघ मारली तर ती जवळजवळ डहाणूलाच जाऊन टेकते. मुंबई आमच्या नैर्ऋत्येला आहे, कोकण म्हटलं की लोक रत्नागिरी-मालवण सांगतात, पण नाशिकचा स्वतःचा किनारा हा आहे: वसईपासून वर सोपारा, अर्नाळा, केळवे, सातपाटी, चिंचणी, वाढवण, डहाणू, बोर्डी. मी असं म्हणते तेव्हा माझे नाशिककर मित्र माझ्याकडे बघत राहतात. नाशिकचं तोंड पूर्वेला आहे असंच सगळे धरून चालतात, कारण गोदावरी पूर्वेला जाते. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम, जवळच पश्चिमेला समुद्र, आणि ही नदी त्याच्याकडे पाठ करून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते.

पण त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतून वैतरणाही निघते. ती सरळ पश्चिमेला उतरते आणि विरार-सफाळ्याच्या मधल्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. तिच्या वाटेचं बरंचसं पाणी धरणांत अडवून मुंबईला नेतात. दमणगंगा निघते दिंडोरी तालुक्यात आंबेगावजवळ. पार निघते आमच्याच जिल्ह्याच्या डोंगरात. अंबिका सुरगाण्याच्या कोटंबीजवळ. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेच्या कडेवर उभं राहिलं तर निम्मा पाऊस एका बाजूला जातो आणि निम्मा दुसऱ्या. आणि पाऊस तरी किती बदलतो! इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तिथून तासाभराच्या अंतरावर नाशिक शहरात सातशेच्या आसपास. समुद्रावरून आलेलं ढग सह्याद्रीवर रिकामं होतं आणि उरलेलं काय ते आमच्याकडे पोचतं. पेठ, सुरगाणा, कळवणच्या डोंगरात जी कोकणा जमात राहते, तिच्या नावातच कोकण आहे. त्र्यंबक-हरसूलच्या पाड्यांवर वारली आहेत, तेच खाली जव्हार-डहाणूलाही आहेत. घाटाच्या वर आणि खाली माणसं वेगळी नाहीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी आणि मी एसटीने चिंचणीला जायचो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी. जव्हारपर्यंत हवा ठीक असायची. खाली उतरायला लागलं की मानेवर घाम यायचा आणि आजीचा चेहरा उजळायचा. आधी नागली-वरईची उतारावरची शेतं, मग साग, मग कुठेतरी पहिला ताड. "ताड दिसला," आजी म्हणायची. मला वाटायचं की ती झाड दाखवतेय. ती पोचल्याचं सांगत होती. जव्हारच्या वाटेवर शिरपामाळ लागतं. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर गेले ते याच डोंगरांतून. शिरपामाळावर जव्हारच्या राजाची आणि त्यांची भेट झाली असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. चारोटीजवळ विवळवेढ्याची महालक्ष्मी. चैत्रातल्या तिच्या जत्रेच्या दिवसांत गाडीत पाय ठेवायला जागा नसायची.

चिंचणीला पोचलं की आजी चप्पल काढून आधी विहिरीवर जायची. मग वाडीत. तिकडे बागेला वाडी म्हणतात: नारळ, केळी, चिकू, मोगरा, आणि सावलीत पानवेली. थंडीत गेलो तर उकडहंडी. पापडी, कोनफळ, रताळी, वांगी मडक्यात कोंबायची, भोवती जाळ करायचा, आणि तोवर कोणी घरात जायचं नाही. समुद्र वाडीच्या पलीकडे. हा किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी दिसेनासं होतं. ओल्या वाळूवर मैदानासारखं चालत जायचं आणि मग कुठेतरी समुद्राची पांढरी कड दिसायची. खंबायतच्या आखाताकडे वर जावं तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते. म्हणून तिकडे आजीच्या पाऊणकीवर माणसाचा जीवही अवलंबून असायचा. परत यायला उशीर झाला तर पाणी मागून नाही, बाजूच्या नाळीतून येऊन वाट तोडतं.

आता पांडवलेण्याचं सांगते, कारण हे सगळं लिहायला बसले ती त्यामुळे.

आम्ही नाशिककर पांडवलेण्यावर व्यायामाला जातो. दोनशेवर पायऱ्या, वर गार वारा, खाली शहर. मी तीस वर्षं जातेय. दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत मी कितीदा पाणी प्यायला बसलेय. दोन हिवाळ्यांपूर्वी एका रविवारी तिथे कॉलेजची सात-आठ मुलं होती आणि त्यांच्यातला एक दाराच्या वरच्या भिंतीवरची ब्राह्मी मोठ्याने वाचत होता. अक्षराला बोट लावायचं नाही म्हणून तो हवेतच बोट फिरवत होता. "इबा... पारादा... दमण... तापी... करबेणा... दाहनुका..."

मी बाटलीचं झाकण लावायची थांबले. त्याला म्हटलं, "बाळा, शेवटचं पुन्हा वाच." त्याने वाचलं. दाहनुका. डहाणू.

तो लेख उषवदाताचा आहे, क्षहरात कुळातल्या शक राजा नहपानाच्या जावयाचा. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. तो आपली दानं मोजून सांगतो: तीन लाख गाई, सोळा गावं, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे चौसोपी विश्रांतीघरं, विहिरी, तळी, बागा. भरुकच्छ म्हणजे भडोच, शोर्पारग म्हणजे सोपारा, आणि गोवर्धन गंगापूर रस्त्याला आजही त्याच नावाने उभं आहे. मग येतात त्या सहा नद्या. अभ्यासकांनी इबा म्हणजे अंबिका, पारादा म्हणजे पार, दमण म्हणजे दमणगंगा अशा त्या ओळखल्यात. यांतल्या तीन नद्या आमच्या जिल्ह्यात जन्मतात, आणि त्यांच्या उगमाच्या डोंगरांपासून काही दिवसांच्या चालीवर बसून कुणीतरी त्यांच्या मुखाजवळची गोष्ट दगडात कोरलीय. या नद्यांवर त्याने काय केलं? मूळ शब्द आहेत "नावापुण्यतरकरेण". नावा ठेवल्या, पुण्यतर सुरू केली. तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी नाव, आणि ही भाडं न घेणारी. पुढे लिहिलंय, "एतासां च नदीनां उभतो तीरं सभाप्रपाकरेण". या नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसायला सभा आणि प्यायला पाणपोई.

तर. आजी हाच शब्द बोलायची. "तरीची वेळ झाली", "तर चुकली". मला तो तिच्या गावचा, तिच्या घरचा शब्द वाटत होता. तो आमच्या डोंगरावर कोरलेला निघाला. तसंच त्या लेखात "इदं लेणं कारितं" असं आहे. लेणं. आणि पाण्याच्या टाक्यांना "पोढियो". संस्कृत लिहिता लिहिता कोरणाऱ्याच्या तोंडचे शब्द आत शिरलेत आणि ते अजून आपल्या तोंडात आहेत.

आणि नारळ! नानंगोल गावात बत्तीस हजार नारळाची झाडं दिल्याचं त्याच लेखात आहे. नानंगोल म्हणजे उंबरगावजवळचं नारगोळ असं मानतात. बोर्डीच्या पुढे थोडं वर, किनाऱ्याला. शेजारच्या दुसऱ्या लेखात चिखलपद्र गावातल्या आठ हजार नारळांचं दान आहे, आणि गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेवून त्यांच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रं द्यायची व्यवस्था. दोन हजारांवर महिन्याला शेकडा एक, हजारावर शेकडा पाऊण. पाऊणकी तिथेही आहे. मी बँकेच्या व्यवहारात आयुष्य काढलेली नाही, पण हिशेबनीस आहे. मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, हे दगडावर लिहिलेलं वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

त्याच डोंगरावर तीन नंबरच्या लेण्यात सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्री हिचा लेख आहे. तिच्या मुलाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, नहपानाचं क्षहरात कुळ संपवलं, आणि त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असं ती अभिमानाने सांगते. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी मिळाली, त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. राज्य बदललं, हे त्या नाण्यांवर हाताने चाचपता येतं. बलश्रीची ओळ सुंदर आहे, आम्हा नाशिककरांना तिचा अभिमान आहे आणि असावा. तरी माझं मन दहा नंबरच्या दाराशी जातं. समुद्राचं पाणी घोड्याला पाजणं आणि खाडीवर गरिबासाठी नाव बांधून ठेवणं, यांत मला दुसरं मोठं वाटतं. उषवदात आमचा शत्रू होता, हे माहीत असूनही.

मी दहा-अकरा वर्षांची असताना आजी मला केळव्याला तिच्या बहिणीकडे घेऊन गेली. मुरब्याहून सातपाटीला खाडी नावेने ओलांडायची. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि नाव काठापासून पाच-सहा हात दूर चिखलात टेकली होती. काळा, गुळगुळीत, मऊ चिखल, त्यात तिवराची मुळं सुळ्यांसारखी वर आलेली. बायका साड्या गुडघ्यापर्यंत ओचून शिरल्या. मी काठावर रडत उभी. नावाडी म्हातारा होता, उघडा, कमरेला लाल रुमाल. काही न बोलता चिखलातून चालत आला, मला पाठुंगळीला घेतलं आणि नावेत नेऊन बसवलं. त्याच्या पाठीला मिठाचा आणि घामाचा वास होता. पलीकडे उतरताना आजीने भाड्याची नाणी दिली आणि पिशवीतून एक नारळ काढून त्याच्या हातात ठेवला. त्याने तो कपाळाला लावला.

"नारळ कशाला?" मी विचारलं.

"पहिल्यांदा खाडी ओलांडलीस ना, बाय," ती म्हणाली.

रामाला गंगेपार नेणाऱ्या केवटाची गोष्ट आजी मला पंचवटीत रामकुंडावर बसून सांगायची. केवट उतराई घेत नाही; आपण दोघं एकाच धंद्यातले, मी नदी पार करतो, तू भवसागर पार करतोस, मी तुझ्या घाटावर येईन तेव्हा तू मला सोड, म्हणतो. उतराई म्हणजे नावेचं भाडं, हे मला तेव्हा कळलं. "उतराई होणं" आपण रोज लिहितो, पत्रात, भाषणात. त्या शब्दाच्या तळाशी नाव आहे.

लेणं वाचल्यानंतर मी सार्वजनिक वाचनालयात चार-पाच शनिवार बसले. आणि तिथे मला माझ्या आजोळाचं नाव सापडलं. १९५५ मध्ये चिंचणीत ताम्रपट मिळाले होते. त्यांतला सर्वांत जुना शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातला. तेव्हा संयान म्हणजे संजाणच्या मंडळावर राष्ट्रकूटांनी नेमलेला अधिकारी होता मधुमती, म्हणजे मुहम्मद, ताजिक. अरब. त्याने देवीच्या मठिकेला, म्हणजे छोट्या मठाला, गाव आणि जमीन दिली. भात, भाजी, तूप फुकट वाढणारं अन्नछत्र काढलं. आणि दोन नद्यांवर भाडं न घेणारी तर सुरू केली. उषवदातानंतर आठशे वर्षांनी, दुसरा धर्म, दुसरी भाषा, दुसरा राजा, आणि पुन्हा तेच. मला यात नवल वाटलं नाही, आनंद झाला. या किनाऱ्यावर थोड्या थोड्या कोसांवर एक खाडी आडवी येते. जो इथे राहायला आला त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं असणार की लोकांना काय हवंय. संजाणला उतरलेले पारशी, त्यांचा पवित्र अग्नी पुढे बोर्डीजवळच्या बाहरोटच्या गुहांत लपवून ठेवला गेला, तेही याच पट्ट्यातले. तो डोंगर चिंचणीच्या किनाऱ्यावरून स्वच्छ हवेच्या दिवशी आजी मला दाखवायची.

सोपारा तर याहून जुना. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना तिथेच मिळाला आणि त्याच वर्षी त्यांनी तिथला स्तूप उकरला. सोपाऱ्याला उतरलेला माल थळ घाटाने वर चढून गोवर्धन-नाशिकला यायचा. १८६५ मध्ये रेल्वे त्याच घाटाने चढली, ३७ फुटाला एक फूट असा चढ. कसाऱ्याला मागून जोडलेली इंजिनं लागतात तेव्हा डब्यातले सगळे चहावाल्याकडे बघत असतात. मी बाहेर बघते.

नारोशंकराच्या देवळाची घंटा नाशिकमध्ये सगळ्यांना माहीत आहे. गोदेच्या काठी, १७४७ चं देऊळ, तटावर टांगलेली प्रचंड घंटा, तिच्यावर १७२१ साल. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या, त्यांतलीच ही, असं आम्ही लहानपणापासून ऐकलंय. पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं हे जसं आम्ही विचारतो, तसं जुने लोक घंटेला पाणी लागलं का विचारायचे. आजीला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा ती बराच वेळ मान वर करून उभी राहिली. म्हणाली, "आमच्याकडची आहे." वसईचे ख्रिस्ती शेजारी तिच्या लग्नात वाजवायला आले होते. विजयाची गोष्ट तिलाही ठाऊक होती, पण तिला ती घंटा माहेराहून लांब आलेल्या बाईसारखी दिसली असावी. ती त्या दिवसापासून गोदेवर आली की घंटेला नमस्कार करायची, आधी घंटेला, मग महादेवाला.

मी पिंपळगावजवळ एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये कागदपत्रांचं काम बघते. जानेवारी ते एप्रिल आम्हाला दिवस-रात्र नसते. मणी मोजून घड, पेटीत गंधकाचा कागद, प्रीकूलिंग, मग रीफर कंटेनर, शून्याच्या आसपास तापमान, आणि रात्री गाडी कसारा घाट उतरून न्हावा-शेव्याला. तिथून रॉटरडॅम. पूर्वी सुएझने तीन आठवड्यांच्या आत-बाहेर माल पोचायचा. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि आमची द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. येमेनच्या किनाऱ्यावर काही घडलं की दिंडोरीच्या शेतकऱ्याचा फोन मला येतो. नाशिकला समुद्र नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी फेब्रुवारीत एक रात्र आमच्या यार्डात येऊन बसावं.

म्हणून वाढवणविषयी लिहिताना मला जपून लिहावं लागतं. वाढवण चिंचणीपासून काहीच किलोमीटरवर. १९ जून २०२४ ला केंद्र सरकारने तिथल्या बंदराला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पालघरला भूमिपूजन झालं. सुमारे ७६,२०० कोटी रुपये. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. प्रत्येकी एक किलोमीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनलं. तिथून इगतपुरीकडे भरवीरला समृद्धी महामार्गाला जोडणारा रस्ता नियोजित आहे. म्हणजे माझा कंटेनर उद्या मुंबईच्या कोंडीत न अडकता थेट आजीच्या समुद्रात उतरेल. कामाच्या टेबलावर बसून पाहिलं तर यासारखी चांगली बातमी नाही. शेतकऱ्याचे भाड्यात, वेळेत पैसे वाचतील, आणि ते वाचले पाहिजेत.

पण डहाणू तालुका २० जून १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे. त्याच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते, आणि त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये याच जागी बंदर नाकारलं. २०२३ च्या जुलैअखेर त्याच प्राधिकरणाने होकार दिला. मधल्या पंचवीस वर्षांत समुद्रतळ बदलला नाही. खडकाळ कातळ, त्याच्या कपारीत माशांची वीण, त्यापुढे डोल जाळ्यांची वहिवाट, हे जिथे होतं तिथेच आहे. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा केलं, आणि त्याची वीण ज्या किनाऱ्याला आहे तिथे भराव. माझी एक मामेबहीण वाढवणशेजारच्या वरोरला दिलेली आहे. तिच्या घरातल्या बायका शिंपल्या-कालवं काढून घर चालवतात. कातळावर जाऊन काढलेल्या कालवांचा सातबारा नसतो. नुकसानभरपाईच्या कागदावर त्यांचा रकाना कुठे? मी कागदांतली बाई आहे, रकाना नसला की माणूस सापडत नाही हे मला रोज दिसतं.

"उभतो तीरं." दोन्ही तीरांवर. तो लेण्यातला उषवदात नावा ठेवल्या एवढंच लिहून थांबला नाही. अलीकडे बसायला जागा आणि प्यायला पाणी, पलीकडेही बसायला जागा आणि प्यायला पाणी. वाढवणच्या रस्त्याचं आमच्या बाजूचं तीर मला स्पष्ट दिसतंय, कोल्ड स्टोरेज, गोदामं, सर्व्हिस रोड. वरोरच्या बाजूला बहिणीसाठी काय बांधताय, हे मी दर बैठकीत विचारते. द्राक्ष बागायतदारांच्या बैठकीतही विचारते. काहींना आवडत नाही.

गेल्या वर्षी वैतरणेवर जलसार ते मारंबळपाडा रो-रो बोटीने गेले. २०२५ च्या एप्रिलमध्ये ती सुरू झाली. रस्त्याने साठेक किलोमीटरचा वळसा, पाण्यातून दीड. माझा मुलगा गाडी बोटीवर चढवत होता, मी कठड्याशी उभी राहिले. त्र्यंबकच्या डोंगरातलं पाणी इथे खारं होऊन पसरलं होतं, दोन्ही काठांना तिवरं. तिकीट फाडणाऱ्या मुलाला मी सुट्टे पैसे दिले आणि पिशवीतला नारळ पुढे केला. त्याने आधी पावती बघितली, मग मला बघितलं. "कशाला, मावशी?"

"पहिल्यांदा ओलांडतेय," मी म्हटलं. त्याने नारळ केबिनमध्ये चाकासमोर नेऊन ठेवला.

आजीला जाऊन चौदा वर्षं झाली. स्वयंपाकघरात आता एकच कालनिर्णय आहे, त्यावर दुधाचे लिटर माझे आहेत. आज सप्तमी. सात पाउणे सव्वापाच. यार्डातून फोन आला होता, संध्याकाळचा कंटेनर पाचला सील होणार. तो गेटाबाहेर पडेल तेव्हा चिंचणीला पाणी भरत असेल.